भरून पावलों : फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांतील एक पावती

जुन्या दफ्तरांत वावरणारांस पावतीचा कागद सहसा आवडत नाहीं. सनद हातीं आली म्हणजे संग्राहक हर्षतो, महजर सांपडला म्हणजे रात्र जागवितो. पण चार बोटें रुंदीच्या चिठोऱ्यावर, अमुक ऐवज अमुकाचे हस्तें भरून पावलों, बाकी राहिली नाहीं, एवढाच मजकूर दिसला कीं तो कागद बाजूस पडतो. अशाच एका पावतीविषयीं येथें लिहावयाचें आहे. ती मोडींत नसून ग्रीक भाषेंत आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील आहे, आणि ख्रिस्ती शास्त्रांत समाविष्ट झाल्यामुळें तिच्यावर इतकीं प्रवचनें झालीं आहेत कीं, ती पावती आहे ही गोष्टच बहुतेकांच्या ध्यानांतून गेली. ख्रिस्ती मनुष्यानें कृतज्ञ कसें असावें व संतुष्ट कसें राहावें ह्याविषयीं उपदेश करणारे ज्या मजकुरावर नेहमीं भिस्त ठेवितात तो हाच : पौलानें फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चवथ्या अध्यायांतील १० ते २० हीं वचनें. आमचें म्हणणें असें कीं, हीं वचनें हिशेबी कागद म्हणून वाचलीं तरच त्यांतील कृतज्ञता व संतोष ह्यांचा परस्परसंबंध उलगडतो; निव्वळ उपदेश म्हणून वाचलीं तर दोन्ही बिघडतात.

फिलिप्पै हें मासेदोनियांतील शहर. ख्रिस्तपूर्व ४२ ह्या वर्षीं तेथें ब्रूटस व कॅसियस ह्यांचा पराभव झाल्यानंतर तेथें रोमी शिपायांची वसाहत वसविण्यांत आली. पौल बंदींत असतां तेथील ख्रिस्ती मंडळीनें एपफ्रदीत नांवाच्या आपल्या माणसाहातीं त्यास मदत पाठविली. हा एपफ्रदीत ह्या कामांत आजारी पडून मरणाच्या दारापर्यंत गेला. पुढें तो बरा झाल्यावर पौलानें त्यास परत धाडिलें, व त्याजबरोबरच हें पत्र गेलें असें मजकुरावरून दिसतें. बंदिवास रोमचा, कैसरियाचा कीं इफिसचा, ह्याविषयीं पंडितांत एकमत नाहीं, व आमच्या विषयास त्यावांचून अडतही नाहीं.

ह्या पत्राची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत म्हणजे पपायरसावरील एक पोथी. तिचा काळ सुमारें इ. स. २०० हा धरितात. मूळच्या १०४ पानांपैकीं ८६ पानें आज शिल्लक आहेत. त्यांपैकीं ५६ डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथसंग्रहांत व ३० अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत आहेत. एकाच पोथीचीं पानें विक्रेत्यांच्या हातून दोन खंडांत विखुरलीं, हा प्रकार आमच्या वाचकांस नवा नाहीं. पानांच्या खालच्या ओळी झडल्या असल्यामुळें मधूनमधून वचनें तुटलेलीं आहेत, आणि योगायोग असा कीं चवथ्या अध्यायांतील ज्या तेराव्या वचनावर प्रवचनकारांचें सर्वांत अधिक प्रेम, तेंच ह्या पोथींत गेलेलें आहे. त्यापुढील जमाखर्चाचा मजकूर मात्र शाबूत आहे.

संग्राहकांस रुचेल असा आणखी एक प्रश्न येथें आहे. दुसऱ्या शतकांतील पोलिकार्प नांवाच्या धर्माध्यक्षानें ह्याच फिलिप्पैकरांस लिहितांना पौलानें त्यांस पाठविलेल्या पत्रांचा उल्लेख अनेकवचनीं केला आहे. शिवाय तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीं पत्राचा सूर एकाएकीं बदलतो. ह्यावरून कित्येक विद्वानांनीं असा तर्क केला कीं, आज एक दिसणारें पत्र दोन किंवा तीन कागद जोडून झालें असावें, व चवथ्या अध्यायांतील ही पावती मूळची स्वतंत्र चिठी असावी. तर्क मोहक आहे. परंतु ज्यांत हा जोड दिसेल अशी एकही पोथी नाहीं. सर्व प्रतींत पत्र सलगच येतें. केवळ सुराच्या बदलावरून कागद फाडावयाचा झाला तर आमच्याकडील पेशवेकालीन पत्रव्यवहारांतील निम्मीं पत्रें फाडावीं लागतील, कारण राजकारण लिहितां लिहितां मध्येंच आंब्यांच्या करंड्या पोहोंचल्याचें लिहिण्याची तेथेंही चाल आहे. सबब पत्र एकच धरून आम्ही पुढें जातों.

आतां मजकूर. पंधराव्या वचनांत पौल लिहितो कीं, मासेदोनियांतून आपण निघाल्यावर देण्याघेण्याच्या बाबतींत आपल्याशीं भागी ठेवणारी मंडळी एक फिलिप्पैकरांचीच. येथें मुळांत जो 'लोगोस' शब्द आहे तो तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत वाणी, बुद्धि अशा उंच अर्थांनीं येतो. व्यापाऱ्याच्या कागदांत त्याचा अर्थ खातें किंवा हिशेब असा साधा आहे. सतराव्या वचनांत तोच शब्द पुन्हा येतो : आपणांस देणगीची हांव नाहीं, तर देणारांच्या खात्यावर जें फळ चढत जाईल त्याची इच्छा आहे, असा तेथें आशय आहे. आणि अठराव्या वचनाच्या आरंभीं, पावती लिहिणाऱ्या कारकुनाच्या थाटानें, 'आपेखो' हें एक क्रियापद.

ह्या क्रियापदाचें खरें स्वरूप ग्रंथांवरून नव्हे, तर मिसर देशांतील रद्दीवरून कळलें. तेथील कोरड्या वाळूंत पपायरसाचे तुकडे व फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या हजारोंनीं सांपडल्या. कागद महाग म्हणून कर भरल्याच्या पावत्या खापरीवर शाईनें लिहून देत असत. अशा खापऱ्यांचा मोठा संग्रह उलरिख विल्केन ह्या जर्मन पंडितानें १८९९ मध्यें प्रसिद्ध केला, आणि १९०८ मध्यें आडोल्फ डाइसमान ह्यानें आपल्या 'पूर्वेकडील प्रकाश' ह्या अर्थाच्या नांवाच्या जर्मन ग्रंथांत दाखवून दिलें कीं, नव्या करारांतील 'आपेखो' हें ह्या पावत्यांतील ठराविक क्रियापद आहे. रक्कम पूर्ण मिळाली, आतां मागणें उरलें नाहीं, असें देणाऱ्यास लिहून देतांना तें वापरीत. हा शोध लागेपर्यंत भाष्यकार ह्या ठिकाणीं 'मजजवळ सर्व आहे' असा ढोबळ अर्थ करून पुढें जात. एका क्षुल्लक वाटणाऱ्या खापरीनें अनेक शतकांच्या भाष्यांस दुरुस्ती सुचवावी, हें इतिहाससंशोधनाच्या कैवाऱ्यांस सुखावणारें आहे.

'आपेखो' ह्यास आमच्या भाषेंत तंतोतंत शब्द आहे, आणि तो कोशांत शोधावा लागत नाहीं. भरून पावलों. खरेदीखतांत किंमत भरून पावलों, कर्जाच्या फेडीच्या कागदांत मुद्दल व व्याज भरून पावलों. फारसी वळणाच्या लेखांत त्या कागदास कबज म्हणत. विशेष हें कीं मराठींत हा प्रयोग दफ्तराबाहेर पडून घरांत आला. नातवंडें पाहून भरून पावलों असें म्हातारा म्हणतो तेव्हां तो रकमेचें बोलत नसतो. देवाविषयींही पावणें हेंच क्रियापद. म्हणजे मिळाल्याची कबुली, तृप्ति व प्रसाद हे तिन्ही अर्थ मराठींत एकाच धातूच्या अंगणांत खेळतात. पौलाच्या वचनांतही तेंच घडतें : पावती देऊन होतांच आपण भरून गेलों असें तो म्हणतो, व त्याच वाक्यांत ती देणगी देवास मान्य होणारा सुवासिक यज्ञ ठरते. जमाखर्चाच्या वहींतून वेदीवर अशी ही उडी ग्रीक वाचकास आकस्मिक वाटत असेल; मराठी वाचकास वाटूं नये.

असें असतां प्रचलित मराठी भाषांतरांत येथें 'पोहोंचणें' ह्या वळणाचें साधें क्रियापद आलें आहे. तें चूक नाहीं. पोंच हाही पावतीचाच शब्द आहे. तथापि पोंच ही वस्तु आल्याची असते, हिशेब मिटल्याची नव्हे. भाषांतरकारांच्या पदरीं भरून पावलों हा शब्द असून त्यांनीं तो घेतला नाहीं ह्याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, धर्मग्रंथाच्या भाषेस दफ्तराचा वास लागूं नये ही त्यांची भीति. पौलास ती भीति नव्हती. फिलेमोन नांवाच्या गृहस्थास लिहिलेल्या चिठींत तर, ह्या माणसाचें कांहीं देणें असल्यास माझ्या नांवें मांड, मी फेडीन, असें तो स्वहस्तें लिहून देतो. हा उघड उघड रोखा आहे. कलस्सैकरांस पत्रांत (हें पौलाचेंच कीं काय ह्याविषयीं वाद आहे) देवानें मनुष्याविरुद्ध असलेलें खत रद्द करून क्रुसास खिळिलें अशी कल्पना आहे. तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं ही आख्यायिका ज्यांस ठाऊक आहे त्यांस ती कल्पना परकी वाटणार नाहीं; फरक एवढाच कीं तेथें सावकारच विरक्त झाला होता.

आतां टीकाकारांच्या आक्षेपाकडे वळूं. ह्या अकरा वचनांत पौल फिलिप्पैकरांस 'मी तुमचा आभारी आहें' असें कोठेंही म्हणत नाहीं. आनंद झाला म्हणतो, तुम्ही बरें केलें म्हणतो, पण आभाराचें क्रियापद नाहीं. उलट, मला गरज होती म्हणून बोलत नाहीं, मी आहे त्या स्थितींत संतुष्ट राहावयास शिकलों आहें, असें आधींच बजावतो. जर्मन भाष्यकारांनीं ह्यास 'आभाराविण आभार' असें मार्मिक नांव ठेविलें. कोणी म्हणतात पौल मानी होता. कोणी म्हणतात पैशाच्या गोष्टीनें तो संकोचला. १९९० नंतरच्या दशकांत पीटरमन ह्या अभ्यासकानें ग्रीक व रोमी लेखांच्या आधारें असें दाखविण्याचा यत्न केला कीं, त्या काळीं निकटच्या माणसांत शाब्दिक आभार मानण्याची चालच नव्हती. उपकाराची जाणीव परतफेडीच्या इच्छेनें दाखवीत. हें मत बरेंचसें ग्राह्य आहे. आपल्याकडेही घरच्या माणसाचे आभार मानणें ही अलीकडची, सभेच्या व्यासपीठावरून उतरलेली रीत आहे. आईनें ताट वाढल्यावर आभार मानणारा मुलगा जुन्या घरांत वेडाच ठरला असता.

पण एवढ्यानें सर्व सुटत नाहीं, आणि पीटरमनचें समाधान आम्हांस अपुरें वाटतें. पौलाचा समकालीन सेनेका ह्यानें उपकार ह्या विषयावर सात भागांचा ग्रंथ लिहिला आहे. (ह्याच सेनेकाचा भाऊ गल्लियो करिंथ येथें अधिकारी असतां पौलास त्याच्यापुढें उभें करण्यांत आलें होतें, डेल्फी येथील शिलालेखावरून त्याच्या कारकीर्दीचा काळ इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो.) सेनेकाच्या विवेचनांत देणारा व घेणारा असे दोघेच असतात. पौलाच्या पावतींत तिघे आहेत. एकोणिसाव्या वचनांत तो म्हणतो कीं माझा देव तुमची सर्व गरज भागवील. म्हणजे ऐवज पौलानें घेतला, पावती पौलानें दिली, आणि परतफेड मात्र तिसऱ्याच्या नांवें मांडिली. आभार नाहींत असेंही नाहीं : पत्राच्या आरंभींच तो फिलिप्पैकरांची आठवण होतांच आभार मानतो, पण मानतो ते देवाचे. देणाऱ्यास आनंद व पावती, देवास आभार, अशी ही वांटणी आहे. ती मानीपणाची खूण नव्हे, संकोचाचीही नव्हे. घेणाऱ्यानें देणाऱ्याचें कूळ होऊं नये, ह्यासाठीं काळजीपूर्वक घातलेली ती व्यवस्था आहे.

गोव्याच्या ख्रिस्ती समाजांत ह्या व्यवस्थेचें एक जिवंत उदाहरण रोज ऐकूं येतें. तेथें आभार मानावयाचे झाल्यास कोंकणींत 'देव बरें करूं' असें म्हणतात. मी ऋणी झालों असें त्यांत नाहीं. तुमचें देणें देव फेडो, एवढेंच आहे. पोर्तुगीज भाषेंत देव तुम्हांस फेडो अशा अर्थाचा प्रयोग आहे, आणि मी बांधला गेलों अशा अर्थाचा, आज अधिक रूढ असलेला, दुसराही आहे. राज्यकर्त्यांच्या भाषेंत दोन्ही वाटा असतां गोमंतकीयाच्या तोंडीं स्वतःच्या बोलींत बसला तो पहिल्या वळणाचा, ही नोंदण्यासारखी गोष्ट आहे. पौलाच्या पत्राशीं ह्या प्रयोगाचा उगमाचा संबंध जोडण्याचें साहस आम्ही करीत नाहीं. रचना मात्र एकच आहे.

महाराष्ट्रांतील प्रॉटेस्टंट मंडळींची भाषा निराळ्या वाटेनें गेली. देवाचे आभार मानण्यास मराठी शास्त्रांत 'उपकारस्तुति' असा शब्द योजिला आहे. सामासिक व भारदस्त आहे, आणि मंडळींच्या प्रार्थनांत तो आतां इतका मुरला आहे कीं बदलूं म्हणणें व्यर्थ. पण मूळ ग्रीक 'एउखारिस्तिया' ह्याच्या पोटांत 'खारिस' म्हणजे कृपा, प्रसन्नता हा शब्द आहे. ऋणाचा गंध नाहीं. मराठींत उपकार म्हटला कीं तो फेडावा लागतो, त्याचें ओझें होतें, त्याखालीं दबावें लागतें. देवाच्या बाबतींत हें ओझें शोभेलही. माणूस देणारा असतो तेव्हां हाच शब्द त्रासदायक होतो.

संतोषाचा शब्दही तपासला पाहिजे. पौलानें अकराव्या वचनांत वापरलेला 'औतार्केस' हा शब्द स्टोइक तत्त्वज्ञांचा : ज्याचें ज्याला पुरतें, ज्यास बाहेरच्याची अपेक्षा नाहीं, तो. मराठींत येथें 'संतुष्ट' असा शब्द आहे, व तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रांत त्याच कुळांतील नामास 'चित्तसमाधान' असा. समाधान हें वेदान्तांत शमदमादि षट्कांतील शेवटचें साधन, व संतोष हा पातंजल योगांतील एक नियम. म्हणजे ग्रीक शब्दासारखीच आमच्या शब्दांसही तत्त्वज्ञांची पूर्वपीठिका आहे, आणि भाषांतर त्या दृष्टीनें उत्तम साधलें आहे. घोटाळा होतो तो पुढें. स्टोइकाचा संतोष हा स्वतःच्या बळावर उभा असतो. पौल तो शब्द उचलतो आणि दोनच वचनांनंतर त्याचा पाया काढून घेतो : हें सामर्थ्य मला देणाऱ्याचें आहे. आणि लगेच, तरी तुम्ही माझ्या संकटांत भागी झालां हें बरें केलें. हें 'तरी' फार महत्त्वाचें. मदत न आली तरी मी मोडलों नसतों. पण मदत आली ही चांगली गोष्ट झाली. एकानें दुसरें खोटें ठरत नाहीं. उपाशी राहणें व पोटभर जेवणें, टंचाई व रेलचेल, दोन्हींचें रहस्य मला कळलें आहे असें तो म्हणतो, आणि तेथें गूढ पंथांच्या दीक्षेचा शब्द वापरतो. ज्यानें फक्त उपासाची दीक्षा घेतली आहे तो दुसऱ्याची शिदोरी मोकळ्या मनानें घेऊं शकत नाहीं, हा अनुभव आमच्या विरक्तांच्या चरित्रांतूनही पुष्कळ ठिकाणीं डोकावतो.

'भरून पावलों' ह्या प्रयोगास मराठींत एक उपरोधाचीही धार आहे. मदतीच्या नांवाखालीं कोणी घोटाळा करून ठेविला कीं, भरून पावलों बाबा तुझ्या उपकारांनीं, असें आपण म्हणतों. नवल असें कीं ग्रीक क्रियापदाचीही अशीच दुसरी बाजू शुभवर्तमानांत आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायांत, लोकांनीं पाहावें म्हणून कर्णे वाजवून दान देणारांविषयीं येशू म्हणतो कीं त्यांस आपला मोबदला मिळून चुकला. तेथें हेंच 'आपेखो' तृतीयपुरुषीं अनेकवचनीं आलें आहे. ते भरून पावले. त्यांच्या खात्यांत आतां येणें नाहीं. पौलाच्या हातची पावती घेणाऱ्याच्या बाजूनें हिशेब मिटविते व देणाऱ्याच्या खात्यावर फळ चढतें ठेवते. ढोंगी दात्याचा हिशेब मात्र टाळ्यांबरोबरच बंद होतो. एकाच क्रियापदाचे हे दोन उपयोग शेजारीं ठेवून पाहिल्यावांचून ह्या शास्त्रांतील कृतज्ञतेचा विचार पुरा होत नाहीं असें आम्हांस वाटतें, व मराठीवांचून दुसऱ्या किती भाषांस हे दोन्ही एका शब्दांत आणतां येतील ह्याची शंका आहे.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. १८७६-७८ व १८९९-१९०० ह्या दुष्काळांत दक्षिणेंत ख्रिस्ती मिशनांनीं अन्नदान केलें, पोरकीं मुलें सांभाळलीं. पुढें त्या मुलांनीं व त्यांच्या मुलांनीं दोन्हींकडून ऐकलें. गांवानें म्हटलें, पोटासाठीं बाटले. आणि अन्न देणाऱ्यांच्या बाजूनें, कोठें स्पष्ट व कोठें सौम्य शब्दांत, अपेक्षा राहिली कीं त्यांनीं कृतज्ञ असावें व मिळालें त्यांत संतुष्ट राहावें. चवथ्या अध्यायांतील ह्याच वचनांवर अशा वेळीं उपदेश होत आला आहे. परंतु ही वचनें देणाऱ्यानें घेणाऱ्यास ऐकविलेलीं नाहींत. घेणाऱ्यानें देणाऱ्यास लिहिलेलीं आहेत. संतोषाचें वाक्य बोलण्याचा अधिकार ज्याच्या हातांत बेड्या आहेत त्याचा आहे. ज्यानें टोपली पाठविली त्याच्या तोंडीं तें घातलें कीं अर्थ उलटतो. नारायण वामन टिळकांनीं १९१७ मध्यें मिशनची पगारी सेवा सोडली आणि ते ख्रिस्ताचे भक्तच राहिले. ह्या घटनेकडे कृतघ्नता म्हणून पाहणारे व स्वाभिमान म्हणून पाहणारे दोन्ही पक्ष आहेत. पौलाची पावती समोर ठेविली तर दोन्ही पक्षांचे शब्द तोकडे पडतात. हिशेब तोडणें व भागी राहणें ह्यांत तेथें विरोध नाहीं.

पावतीचा एक दोष सांगितला पाहिजे, कारण कोणताही कारकून तो प्रथम काढील. तींत रक्कम नाहीं. एपफ्रदीताच्या हातीं काय आलें, नाणें कीं कपडे कीं धान्य, किती, कोणत्या तिथीस, कांहीं लिहिलेलें नाहीं. हस्ते कोण एवढें आहे. फिलिप्पैकरांनीं आपल्या वहींत काय मांडिलें होतें तेंही गेलें. भाष्यकारांनीं आंकड्याविषयीं तर्क केले नाहींत ह्याबद्दल त्यांचें कौतुक करावें तितकें थोडें.

आमच्याकडील ह्या विषयाचे कागद मात्र अगदींच गेले नसावेत. अहमदनगर, जालना, सोलापूर, वसई ह्या भागांतील जुन्या ख्रिस्ती घरांत, देवळांच्या पेट्यांत व मिशनच्या जमाखर्चाच्या वह्यांत धान्याच्या, वर्गणीच्या, शाळेच्या फीच्या पावत्या मोडींत किंवा बालबोधींत असण्याचा संभव आहे. संग्राहकांस त्या मिळाल्यास धर्मविषयक नाहींत म्हणून टाकूं नयेत. त्यांत ऐवजाच्या पुढें कोणतें क्रियापद आहे, पावलों कीं पोहोंचला कीं मिळाला. घेणाऱ्याची सही आहे, आंगठा आहे कीं नांगराची निशाणी. आणि उपकार हा शब्द पावतींत कोणाच्या हातानें लिहिला आहे, एवढें तरी उतरून घ्यावें.